भंगारातील पिंप आणि आपले वनभोजन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवर विद्वानांची व्याख्याने झाली. त्यानंतर भंगारातील एका पिंपावर बोलण्यास उभे राहणे हे धाडसच म्हणावे लागेल. परंतु कार्यकारिणीने मला विषय दिला तो असा : "दरवर्षी वनभोजनाला तुम्ही जे धुराचे पिंप पेटवता, ते कसे करायचे हे एकदा सर्वांना सांगून ठेवा." वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाला असे सांगितले जाते, त्याचा अर्थ न कळण्याइतका मी भोळा नाही. म्हणून सांगून ठेवतो; आणि त्याबरोबर एक जुने ऋणही मान्य करतो.

मी मूळचा अलिबाग तालुक्यातला. १९७१ साली राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात दुरुस्ती विभागात लागलो, तो येथलाच झालो. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात, हे आपणांपैकी रायगडकरांना सांगावयास नको. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, कांदे, बटाटे, रताळी, अंडी, कोणी कोंबडी घालतात. ओवा आणि जाडे मीठ. वरून पुन्हा पाल्याने तोंड बंद. मग मडके उपडे घालून भोवती पालापाचोळा आणि काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. येथे आल्यावर दर थंडीत मला त्या वासाची आठवण होई. वालाच्या शेंगा बाजारात मिळत, परंतु भांबुर्डा काही मला सापडला नाही, आणि दोनशे माणसांच्या वनभोजनाला मडकी तरी किती लावणार?

१९८६ साली एका अमेरिकन मासिकात मी एक चित्र पाहिले. तेलाचे रिकामे पिंप उभे केलेले, तळाशी निखारे, वर जाळीवर मांस आणि झाकणातून निघणारी धुराची बारीक रेघ. धुरावर मंद शिजवण्याची ही रीत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत घरोघर रुजलेली आहे. तिचे नाव मात्र कॅरिबियन बेटांवरून आले. तेथील तैनो लोकांचा शब्द स्पॅनिश लोकांनी 'बार्बाकोआ' असा उचलला आणि इंग्रजीत त्याचा 'बार्बेक्यू' झाला. ही काही पोपटी नव्हे. पोपटी कोंडलेल्या वाफेवर शिजते, हे वाहत्या धुरावर शिजते. तथापि ते चित्र पाहून मला परका पदार्थ आठवला नाही, आमच्या घरचा तांब्याचा बंब आठवला. बंबात खालच्या जाळीतून हवा येते, मधल्या नळीत विस्तव राहतो आणि धूर वर निघून जातो. राख साचली की बंब रुसतो. राख झाडली की फुरफुरू लागतो. ज्याने लहानपणी बंब पेटवला, त्याला हे पिंप निम्मे कळले. मी ज्या कारखान्यात चाकरी केली, तेथील झोतभट्टीतही हवा खालूनच देतात. तत्त्व तेच, आकार निराळा.

म्हणून १९८७ च्या जानेवारीत, मंदिरा धरणावरील वनभोजनाच्या आधी, मी भंगारवाल्याकडून एक पिंप आणले. चांगले २०० लिटरचे, बूच घट्ट बसलेले. हलवून पाहिले, आत काही वाजले नाही. रिकामे आहे असे समजून मी ते अंगणात उभे केले आणि आमच्या शेडमधल्या वेल्डर मिस्त्रींना सुटीच्या दिवशी गॅस-कटर घेऊन बोलावले. माझी नऊ वर्षांची मुलगी आणि धाकटा मुलगा गंमत पाहायला पिंपाला टेकूनच उभे होते.

मिस्त्री आले. त्यांनी कटर पेटवला नाही. आधी मुलांना घरात पाठवले. मग बूच उघडून हाताने वास आपल्याकडे घेतला आणि मला विचारले, "साहब, इसमें क्या था?" मी म्हणालो, "खाली है." ते म्हणाले, "खाली तो दिख रहा है. था क्या?"

मला उत्तर देता आले नाही. थिनरसारखा वास मलाही आता येत होता.

सज्जनहो, मी दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, आमच्या विभागात सुरक्षिततेवर भाषण देत असे. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक घातकी असते, हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिलेले होते. द्रव काढून घेतला तरी तळाशी आणि सांध्यांत थोडा राहतोच. त्याची वाफ पिंपभर पसरते, हवेत मिसळते आणि बहुधा हवेपेक्षा जड असल्यामुळे उघड्या बुचातूनही सहज निघून जात नाही. अशा पिंपाला ज्योत लावणे म्हणजे सुरुंगाला बत्ती देणे होय. कारखान्यात जे मला ठाऊक होते, ते घराच्या अंगणात मी विसरलो. वनभोजनाच्या उत्साहात पिंप हे पिंप न राहता भांडे झाले होते, आणि भांड्याला कोण भितो? मिस्त्रींच्या उजव्या कानाला ऐकू येत नसे. तो कान तरुणपणी, दुसऱ्या गावी, अशाच एका पिंपाने नेला होता, हे त्यांनी त्या दिवशी मला प्रथम सांगितले.

ते पिंप परत गेले. चार दिवसांनी मिस्त्रींनीच एका तेलघाण्यावरून मोहरीच्या तेलाचे पिंप आणले. मी म्हणालो, आता तरी कटर लावू. त्यांनी मान हलवली. खाण्याचे तेलही ज्योतीने तापले की त्याची पेट घेणारी वाफ होते. म्हणून आम्ही सोड्याच्या गरम पाण्याने ते दोनदा धुतले, काठापर्यंत पाणी भरले, बुचे उघडी ठेवली आणि वरचा पत्रा छिन्नी-हातोड्याने थंडच कापला. दुपार गेली, परंतु दोघांचेही कान शाबूत राहिले.

आता कृती सांगतो. तरुणांनी कृपया लिहून घ्यावी.

असे पिंप सुमारे ३५ इंच उंच आणि २३ इंच व्यासाचे असते. आतून रंगाचा किंवा राळेचा लेप नसलेलेच निवडावे. वरचा पत्रा काढल्यावर मोकळ्या जागी, वाऱ्याच्या बाजूस उभे राहून, आत लाकडांचा मोठा जाळ करावा आणि बाहेरचा रंग जळून जाईपर्यंत तो चालू ठेवावा. त्या धुरात कोणी उभे राहू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. थंड झाल्यावर तारेच्या ब्रशाने घासून, धुऊन, नव्या तव्याला पाजतो तसे खाण्याचे तेल पाजून एकदा तापवावे.

तळापासून दोन इंचांवर, चारी दिशांना, पाऊण इंचाची चार भोके पाडावीत आणि त्यांवर सरकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या बसवाव्यात. हवेची ही दारे हाच या यंत्राचा प्राण आहे. साध्या लोखंडी जाळीची एक टोपली करून ती तळापासून चार इंच उंच ठेवावी, म्हणजे राख खाली पडते. टोपलीपासून दोन फूट वर सळयांची जाळी तीन खिळ्यांवर टेकवावी. कापून काढलेला पत्रा झाकणाच्या उपयोगाचा नाही, तो आत पडतो. त्यासाठी दुसऱ्या पत्र्याची थोडी मोठी चकती कापून तिची कड खाली वळवावी, आणि मधोमध दोन इंचांचे धुराडे ठेवावे.

भंगारात सगळेच मिळते, म्हणून सगळेच घ्यावे असे नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी आगीजवळ वापरू नये. फार तापल्यावर जस्ताचा धूर होतो आणि त्याने थंडी वाजून ताप भरतो. आमच्या शेडमध्ये हा ताप सर्वांच्या परिचयाचा होता. झाकणाच्या फटीसाठी अ‍ॅस्बेस्टॉसची जुनी दोरी कोणी देऊ केली, तर हातही लावू नका. जळणासाठी रेल्वेचे जुने स्लीपर नकोत, त्यांत क्रिओसोट मुरवलेले असते. प्लायवुड नको, रंगवलेले लाकूड नको, कण्हेर तर मुळीच नको, ती विषारी आहे. दगडी कोळसा आपल्या या गावात स्वस्त असला, तरी त्याचा धूर अन्नाला लागू देऊ नये. लाकडी कोळसा घ्यावा, आणि वासासाठी पेरू, जांभूळ किंवा बाभळीची, चांगली वाळलेली मुठीएवढी तीनचार ढलपी.

टोपलीत न पेटवलेला कोळसा भरून त्यावर थोडे फुललेले निखारे ठेवावेत, म्हणजे आग वरून खाली सावकाश उतरते. आतील उष्णता ११० ते १२० अंश सेल्सियस राखावी. झाकणातून दाट पांढरा धूर येत असेल तर अन्न कडू होते. अशा वेळी थांबावे. तो विरळ, निळसर झाला की जाळीवर जिन्नस मांडावेत. दीड किलोच्या कोंबडीला अडीच ते तीन तास लागतात. मांडीच्या हाडाजवळ ७४ अंश उष्णता झाल्याशिवाय ती वाढू नये. स्वयंपाकाचे तापमापक आता बाजारात मिळतात, अंदाजावर विसंबू नये. आणि हे पिंप खोलीत, बंद व्हरांड्यात किंवा तंबूत कधीही ठेवू नये. धूर थांबला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच माणसाला नेतो.

पहिल्या वर्षी यांतील पुष्कळसे मला ठाऊक नव्हते. घाई झाली म्हणून मी चारही दारे उघडली. कोंबड्या बाहेरून कोळसा आणि आतून कच्च्या निघाल्या. तत्कालीन अध्यक्षांनी मोठ्या मनाने दोन रताळी खाऊन "प्रयोग स्तुत्य आहे" असा अभिप्राय दिला. शाकाहारी सभासदांनी मात्र रास्त प्रश्न विचारला, की ज्या पिंपात कोंबडी ठिबकते त्यात आमची वांगी का? त्यावर कार्यकारिणीच्या दोन सभा झाल्या आणि पुढील वर्षी दुसरे पिंप झाले. तेव्हापासून एका पिंपात वांगी, कणसे, रताळी, कांदे आणि वालाच्या शेंगा, तर दुसऱ्यात बाकीचे, अशी व्यवस्था आहे. धुरावरच्या वांग्यांचे भरीत प्रथम कोण संपवते, हे मी येथे सांगत नाही. ते मांसाहारी सभासद आज समोर बसलेले आहेत.

आता त्या ऋणाविषयी. पहिल्या वर्षी मिस्त्री वनभोजनाला नव्हते. वनभोजन सभासदांच्या कुटुंबीयांपुरते असे, आणि तो नियम मोडावा असे मला सुचले नाही, असे मी अनेक वर्षे सांगत आलो. ते खरे नाही. सुचले होते. लोक काय म्हणतील, म्हणून मी गप्प राहिलो. ज्याने माझी मुले वाचवली, त्याला मी आपल्या पंगतीला बोलावले नाही. त्याच वर्षी जून महिन्यात, रज सणाला, त्यांच्या घरून पानात गुंडाळून निखाऱ्यांवर रात्रभर भाजलेला पोडपिठा आमच्याकडे आला. त्याची करपलेली गोड कड माझ्या पत्नीने तोंडात घातली आणि म्हणाली, "हे तर आपल्याच चुलीचे आहे." मग मला राहवले नाही. मी कार्यकारिणीपुढे विषय मांडला, आणि मला सांगण्यास आनंद वाटतो, की एकाही सभासदाने विरोध केला नाही. भीती फक्त माझ्या मनात होती.

१९८८ पासून मिस्त्री आणि त्यांचे कुटुंब दरवर्षी येत राहिले. ते आमचा तिळगूळ घेत आणि आम्हाला मकर चाउळ देत. निवृत्तीनंतर ते गावी गेले आणि २००९ साली वारले. चारचौघांत त्यांचे आभार मानण्याचे राहून गेले होते, ते या व्यासपीठावरून मानतो.

पिंप काही चिरंजीव नसते. पाचसहा वर्षांत गंज तळ खातो आणि नवे आणावे लागते. मंडळाच्या कोठीत आज आहे त्या पिंपाच्या कडेवर पंचाने ठोकलेली अक्षरे आपणांस दिसतील : 'मोहरीचे तेल'. रंगाने लिहिले असते तर जळून गेले असते. मिस्त्रींनी पहिल्या पिंपावर तसे ठोकले, आणि पुढच्या प्रत्येक पिंपावर आम्ही आत काय होते ते ठोकत आलो. माझ्यानंतर जो कोणी पिंप आणील, त्याला माझी एवढीच विनंती आहे. माप चुकले तर चालेल, कोंबडी करपली तर चालेल. आत काय होते हे विचारल्याशिवाय पिंपाला आग दाखवू नका, आणि ज्याने ते विचारायला शिकवले त्याला पंगतीला बोलावण्यास उशीर करू नका.