संगणकातला न दिसणारा कप्पा

घरातला संगणक सुरू होईना, की आपण थेट दुरुस्तीवाल्याला फोन लावतो. पण विंडोज असलेल्या बहुतेक संगणकांच्या डिस्कवर एक छोटा भाग राखून ठेवलेला असतो, रिकव्हरी पार्टिशन. त्याला सी, डी असं अक्षर दिलेलं नसतं, म्हणून तो एरवी दिसत नाही. कुणी चुकून त्यातल्या फायली पुसू नयेत, यासाठीच ही लपवाछपवी. विंडोज सुरू होताना वारंवार अडखळलं, की इथली दुरुस्तीची व्यवस्था आपोआप पुढे येते.

हा कप्पा करताना जागेची काटकसर नको. जानेवारी 2024 मध्ये विंडोज 10 चा एक सुरक्षा अपडेट अनेक संगणकांवर बसेना, कारण कप्पाच अपुरा होता. तो 250 एमबीने वाढवा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टला सांगावं लागलं. पार्टिशन लहानमोठी करण्याआधी मात्र फायलींची प्रत हवीच. तिथली चूक महागात पडते.

आणखी एक. याच व्यवस्थेतून विंडोज ‘रिसेट’ करताना, म्हणजे नव्याने बसवताना, ‘फायली ठेवा’ हा पर्याय निवडला, तरी आपण बसवलेले प्रोग्राम जातात, ते पुन्हा बसवावे लागतात. आणि डिस्कच निकामी झाली, तर तिच्यावरचा हा कप्पाही गेला. म्हणून संगणक धड आहे तोवरच स्टार्ट मेनूत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ शोधा आणि 32 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार करून ठेवा. रिकामाच घ्या, कारण त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं.