बापालाही वकील मिळतो

(टोकावडे येथे केलेले भाषण)



वीटभट्टीचा हंगाम संपवून बाप वाडीवर येतो, तर कधी बायको लेकरं घेऊन माहेरी गेलेली असते. सासुरवाडीला गेलं की भांडण होतं, आणि वकिलाला द्यायला पैसे नसतात. तो गप्प बसतो. लेकरू बापाचा चेहरा विसरतं.

अशा बापाने मूल उचलून आणू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कातकरी, ठाकर बापालाही मिळतो. जातीचा दाखला घेऊन मुरबाड किंवा शहापूर कोर्टातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं.

पालक व पाल्य कायदा, १८९० प्रमाणे कोर्ट मुलाचं हित पाहतं. ताबा आईकडे राहिला, तरी भेटीचे दिवस मागता येतात. आईलाही मोफत वकील मिळतो. त्यामुळे कोणावर अन्याय होत नाही.

मंडळीला एवढीच विनंती: नुसता सल्ला देऊ नका. अर्ज लिहून द्या, सोबत कोर्टात जा, आणि तारखेला बुडालेली त्याची मजुरी भरून द्या.