मोजमाप कोणाचे धरायचे?

(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जरा कोरडा वाटेल. एखादी योजना येते, पैसा खर्च होतो, मग ती सफल झाली की नाही याची तपासणी होते. तिला मूल्यमापन म्हणतात. आमचे म्हणणे असे, की तपासणीत आधी काय पाहायचे हे तपासायला बसलेल्या माणसांच्या मनावर असते. त्यांना ज्याची काळजी, तेच मोजले जाते.

जिनिंगचेच घ्या. खामगाव, मलकापूर ही कापसाची गावे, आपल्या कित्येक घरांनी जिनात हाडे झिजवली. मालक दिवसाच्या गाठी मोजतो, १७० किलोची एक. व्यापारी मूठभर रुई ओढून धाग्याची लांबी पाहतो, कचरा पाहतो. आणि रेच्यावर कापूस टाकणारी बाई? ती पाहते की धूळ किती उडते, रात्री खोकला थांबतो की नाही. तिघांचे पाहणे खरेच आहे, पण वहीत रकाने पहिल्या दोघांचेच.

ही गोष्ट जोतीराव फुल्यांनी फार आधी ओळखली होती. १८८२ साली इंग्रज सरकारने हंटरसाहेबाच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्या काळी बड्या मंडळींचा हिशेब असा, की वरच्या वर्गाला शिकवा, मग ज्ञान आपोआप खाली झिरपेल. म्हणजे कॉलेजे किती, पदवीधर किती, हे मोजले की झाले. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ च्या आपल्या निवेदनात हा हिशेबच उलटा मांडला. सरकारचा महसूल राबणाऱ्या शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग त्याच्या लेकरांच्या शिक्षणावर त्यातले काय खर्च झाले? महार-मांगांची मुले तर जातीच्या विटाळापायी शाळेबाहेरच राहतात, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतीचे आणि आरोग्याचे धडे द्या, अशी त्यांची मागणी. आयोगाने सक्ती उचलून धरली नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा व्हायला २००९ साल उजाडले. बघा, १२७ वर्षे! शाळा त्याच होत्या, सरकार तेच होते, प्रश्न विचारणारा माणूस मात्र वेगळा होता.

आता आपल्या काळात या. २०००-०१ साली राज्यात संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले. गाडगेबाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, हाती खराटा घेऊन गावोगाव फिरलेले. अभियानाने गावे हलली, संडास झाले, लोकांनी श्रमदान केले, हे आम्ही नाकारत नाही. पण समिती येणार म्हटले की रस्त्याला चुना, दाराला तोरण, अंगणात रांगोळी. समितीसोबत चार पुढारी, आणि ते नेतील त्या रस्त्याचे गाव! सामाजिक एकतेसाठी बाबासाहेबांच्या नावाने विशेष पुरस्कार ठेवला, चांगलेच केले. पण एकता ही वेगळ्या पुरस्काराची बाब का असावी? पाण्याचे गुण देतानाच विचारा ना, शेवटच्या वस्तीतल्या नळाला पाणी किती वेळ येते.

रोजगार हमीचेही तेच. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे आपल्यात अजून आहेत. महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे केंद्राने २००५ मध्ये देशासाठी कायदा केला आणि त्याच्या कलम १७ मध्ये कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिले. त्याच कायद्यात असेही लिहिले होते, की सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी. इंजिनिअर माती किती घनमीटर निघाली ते पाहणार. लेखापाल हजेरीपट आणि पैसे जुळवणार. आणि सभेत मागे बसलेली बाई उठून म्हणते, "काम तं केलं भाऊ, पन लेकराले कुठी ठेवू?" लोक हसतात. अहो, तिचा प्रश्न कायद्यातला होता, हसणाऱ्यांनी कायदा वाचला नव्हता!

आता घरचे बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. आपल्या समितीपुढे प्रश्न आहे की वर्गणीतून आधी कमान की आधी अभ्यासिका. कमानीला आम्ही हसत नाही. ज्यांच्या बापजाद्यांना गावाच्या वेशीतून ताठ मानेने जाता आले नाही, त्यांना आपली कमान हवी वाटणारच. वर्गणीदाराला आपल्या नावाची फरशी दिसावी वाटते, तेही माणसाचेच मन आहे. पण संध्याकाळी इथे अभ्यासाला बसणाऱ्या मुलींना विचारा. त्या सांगतील की लाइट गेली तर काय, संडास कुठे, नऊ वाजता घरापर्यंत सोबत कोण. त्यांच्या आयांना विचारा. पोरगी इथे येणार की घरी बसणार, ते या उत्तरांवर ठरते. हे कोणत्या अहवालात येते?

आज अश्विन पौर्णिमा. वर्षावास संपताना भिक्खू संघात पवारणा होते. भिक्खू हात जोडून संघाला विनवतो, माझ्याविषयी काही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका असेल तर सांगा. आणि सुरुवात ज्येष्ठापासून होते, बरं का! जो सर्वांत मोठा, तो आधी आपली तपासणी करून घेतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी घटना समितीला सांगितले की सभेचे नियम, मतमोजणी भिक्खू संघाला ठाऊक होती. ती रीत आपल्या घरची आहे.

म्हणून समितीला आमची सूचना अशी. येत्या रविवारी वंदना झाल्यावर पदाधिकाऱ्यांनी चटईवर बसावे. आधी अभ्यासिकेतल्या मुली बोलतील, मग त्यांच्या आया, मग वर्गणीदार. अध्यक्ष आणि सचिवांनी त्या दिवशी फक्त लिहून घ्यावे. कमानीची वर्गणी आम्हीही दिली आहे, पावती खिशात आहे. मुलींचे ऐकून झाल्यावर ती रक्कम कुठे लावायची ते सभेने ठरवावे, आमची हरकत नाही.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!