दुखणं आपलं, नोंद कोणाची?

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही. त्यावर माझ्या आधी दोघं बोलून गेले, माझ्यानंतर आणखी बोलतील. मला थोडा वेळ दवाखान्याच्या कागदांवर बोलायचं आहे. मागं बसलेल्यांनी लगेच चहाला उठू नये. विषय दवाखान्याचा दिसतो, पण आहे सातबाऱ्यासारखाच.

आपल्या घराघरात खुंटीला एक पिशवी टांगलेली असते. बहुतेक बियाण्याच्या दुकानातून आलेली. तिच्यात म्हाताऱ्याचा केस पेपर, सुनेच्या बाळंतपणाचं कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, दुमडलेला एक्स-रे आणि हृदयाच्या तपासणीची ती लांब पट्टी. पट्टीवरच्या रेघा दोन उन्हाळ्यांत उडून गेलेल्या असतात. तो कागदच तसा, उष्णतेवर छापलेला, उष्णतेनंच पुसला जातो. ही पिशवी घेऊन आपण उपकेंद्रातून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडं जातो. प्रत्येक ठिकाणचा डॉक्टर पिशवीत हात घालतो. अर्धं त्याला वाचता येत नाही, अर्धं सापडत नाही. मग तो म्हणतो, 'सगळ्या तपासण्या नव्यानं करून आणा.' घरची ज्वारी विकून आलेल्या माणसाला या वाक्याची किंमत पोत्यांत कळते.

आता सरकार म्हणतं, पिशवी राहू द्या, तुमचा दवाखाना कॉम्प्युटरवर घेतो. १५ ऑगस्ट २०२० ला घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ ला 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला १४ आकडी नंबर मिळतो, त्याला 'आभा' म्हणतात. इथं एक गोंधळ आधी निस्तरतो. आयुष्मान कार्ड वेगळं आणि आभा वेगळं. आयुष्मान कार्डावर दवाखान्यात भरती झाल्यावर उपचाराचा खर्च निघतो. आभावर एक पैसाही मिळत नाही. ती नुसती तुमच्या दुखण्याच्या नोंदी जोडण्याची गाठ आहे. शिबिरात अंगठा देऊन आलेल्या कितीतरी जणांना वाटतं की आपला पाच लाखांचा बंदोबस्त झाला. तसं नाही.

योजनेची रचना ऐकून घ्या, कारण ती वाईट नाही. तुमच्या नोंदी दिल्लीच्या एका मोठ्या कपाटात जमा होत नाहीत. जिथं तपासणी झाली तिथंच नोंद राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती बघायची असेल तर तुमची परवानगी मागावी लागते. तुम्ही हो म्हटलं तर ठरावीक मुदतीपुरती ती त्याला दिसते. परवानगी मागं घेता येते. नंबर काढण्याची सक्ती नाही. हे सगळं नियमात आहे. पण दवाखान्यानं नोंद कॉम्प्युटरवर केली आणि तुमच्या नंबराला जोडली, तरच पुढचं सगळं. नुसता नंबर म्हणजे नुसता बारदाना. माल भरला तर उपयोग. आपल्याकडं बारदाना वाटण्याचे कार्यक्रम फार होतात, फोटोही निघतात.

आणि आपण काही कॉम्प्युटरला नवखे नाही. २०१७ ची कर्जमाफी आठवते ना? नवरा-बायको दोघांनी जाऊन अंगठे दिले, रात्र-रात्र केंद्रावर बसून अर्ज भरले. पुढं बँकेची माहिती एक आणि पोर्टलची दुसरी, असं निघालं. यादी लावायची, परत काढायची, तपासायची, असे महिने गेले. सातबारा कॉम्प्युटरवर गेला तेव्हाही तेच. हस्तलिखितावर क्षेत्र एक, कॉम्प्युटरवर दुसरं. कुणाचं नाव गळालं, कुणाच्या हिश्श्याचे आकडे बदलले. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला, पण त्याच्याआधी सरकारला गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं. तलाठ्यानं मोठ्यानं वाचायचं, खातेदारानं उभं राहून सांगायचं, 'साहेब, माझी विहीर राहिली.' कॉम्प्युटर आपण होऊन चुकत नाही. माणसानं लिहिलेली चूक तो पक्की करतो आणि दहा ठिकाणी पोचवतो.

दुखण्याच्या नोंदीचं चावडी वाचन कोण घेणार? माझं सगळं भाषण या एका प्रश्नावर आहे.

नवं बियाणं आलं की आपण आधी शेजाऱ्याच्या वावरात जाऊन बघतो. तसं ज्यांनी हे आधी पेरलं त्यांच्याकडं बघू. अमेरिकेत रॉचेस्टर नावाचं गाव आहे, मक्याच्या पट्ट्यातलं. तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर या डॉक्टरनं १९०७ साली एक रुग्ण, एक नंबर, एक फाईल अशी पद्धत घातली. तोवर प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहीत लिहायचा. म्हणजे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी मूळ कल्पना कागदावर चालून गेली होती. पुढं २००५ मध्ये कॅटरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं. कित्येक दवाखान्यांचे कागद पाण्यात गेले. पण माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्याच्या नोंदी कॉम्प्युटरवर होत्या. ते सैनिक दुसऱ्या राज्यात जाऊन पडले, तरी कोणती गोळी चालू आहे ते तिथल्या डॉक्टरला दिसलं. हा फायदा खरा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीला गाव सोडून जाणाऱ्या आपल्या माणसाला असाच उपयोग व्हावा.

पण त्याच अमेरिकेचा पुढचा धडा ऐका. २००९ मध्ये तिथल्या सरकारनं कायदा केला आणि दवाखान्यांनी कॉम्प्युटर वापरावा म्हणून तीस अब्ज डॉलरहून अधिक अनुदान वाटलं. २००८ मध्ये शंभरातल्या नऊ-दहा रुग्णालयांत अशा नोंदी होत्या, २०१५ पर्यंत ऐंशीच्या वर गेल्या. अनुदान आलं की काय होतं ते ठिबकच्या बाबतीत आपण पाहिलंच आहे. कंपन्यांनी आपापले प्रोग्रॅम विकले. याचा त्याला वाचता येईना. नोंदी अडवून धरू नयेत म्हणून २०१६ मध्ये आणखी एक कायदा करावा लागला. आणि डॉक्टर? त्याच वर्षी एक पाहणी निघाली. डॉक्टर एक तास रुग्णापुढं बसला तर जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि कागदी कामात जातात, असं तिच्यात दिसलं. आपल्या नर्सबाईला विचारा. गरोदर बाईची तीच माहिती रजिस्टरमध्ये भरायची, तीच टॅबवर भरायची, आणि रेंज नसली तर संध्याकाळी घरी बसून भरायची. यंत्र आणताना तिच्या हातातलं एक रजिस्टर कमी केलं नाही, तर ती घाईत काय भरणार?

आता चावडी वाचनाचं. २०१० साली बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिअ‍ॅटल इथल्या शंभरावर डॉक्टरांनी एक प्रयोग केला. रुग्णाबद्दल आपण जे लिहितो ते रुग्णाला वाचायला खुलं केलं. आधी डॉक्टर धास्तावले होते. लोक घाबरतील, भांडतील, वेळ खातील असं त्यांना वाटत होतं. वर्षानं विचारलं तर शंभरातल्या नव्याण्णव रुग्णांना हे चालू राहावं असं वाटत होतं, आणि एकाही डॉक्टरनं बंद करा म्हटलं नाही. २०२१ पासून अमेरिकेत तो रुग्णाचा हक्क झाला. आणखी ऐका. २०२० साली छापून आलेल्या अभ्यासात, आपली नोंद वाचणाऱ्या दर पाच रुग्णांतल्या एकाला तिच्यात चूक आढळली. शिकलेल्या डॉक्टरांनी, महागड्या यंत्रावर लिहिलेल्या नोंदी होत्या त्या! मग आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात, दिवसाला दीड-दोनशे केस पेपर फाडणाऱ्या खिडकीवर, किती चुका असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

ही चूक आपल्याला कुठं भोवते ते सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं २० हून अधिक माणसं गेली, शेकडो भरती झाली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, औषध अंगावर पडत होतं, दोन-तीन औषधं एकत्र केलेली. दवाखान्यात आलेल्या माणसाच्या अंगात नेमकं काय गेलंय ते डॉक्टरला कळायला मार्ग नव्हता. आणि ते कळणं फार महत्त्वाचं. ऑरगॅनोफॉस्फेट गटाचं विष असलं तर अ‍ॅट्रोपिन देतात. पायरेथ्रॉइडला असा नेमका उतारा नाही, लक्षणं बघून सांभाळावं लागतं. म्हणून केस पेपरवर नुसतं 'विषबाधा' लिहिलं की अर्धी नोंद झाली. कुठलं औषध, कशात मिसळलेलं, किती तास फवारलं, हे लिहिलं तर वरच्या दवाखान्यातला डॉक्टर पहिल्या तासात कामाला लागतो.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून आहे. औषध हाताळताना झालेल्या विषबाधेनं माणूस गेला तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. आत्महत्येला ही योजना लागू नाही. आता भरती करताना घाईत कुणी 'विष प्राशन' असे दोन शब्द लिहिले, तर त्या बाईनं कुणाच्या दारात जायचं? कागदावर ते शब्द निदान एका कागदावर असतात. कॉम्प्युटरवर गेले की ते जिल्ह्याला जातात, पोलिसांच्या कागदाला जोडले जातात, आणि प्रत्येक बाबू म्हणतो, 'वरूनच असं आलंय.' ते दोन शब्द त्याच दिवशी, त्याच खिडकीवर वाचून दाखवले असते, तर भावानं जागच्या जागी सांगितलं असतं की माणूस पंप पाठीवर असताना पडला.

यासाठी नवा कायदा मागायची गरज नाही. डॉक्टरांच्या आचरणाचे २००२ चे नियम आहेत. भरती केलेल्या रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं सांभाळायची आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितली तर ७२ तासांत द्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे. किती जणांनी मागितली? आपण डॉक्टरला देव म्हणतो, आणि देवाला पावती मागत नाही.

कागद मागायचा तो कॉम्प्युटर आल्यावरही मागायचा. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समध्ये चोरांनी सगळी यंत्रणा कुलूपबंद केली. देशातला एवढा मोठा सरकारी दवाखाना, आणि दोन आठवड्यांच्या आसपास हातानं कारभार चालला. ज्याच्या पिशवीत छापील प्रत होती तो त्या दिवशी शहाणा. शिवाय आभाच्या नोंदी मोबाइलवर दिसतात. घरात एकच मोबाइल, तो पोराच्या खिशात, आणि दुखणं आईचं. बायकांची काही दुखणी पोरालाही सांगण्यासारखी नसतात. म्हणून तिच्या हातात तिचा कागद पाहिजे आणि तिला ऐकू येईल एवढ्याच आवाजात तो वाचून दाखवला पाहिजे. सातबारा गावासमोर वाचा, दुखणं नको.

मोबाइलवर आलेला नंबर मागितला म्हणून लगेच सांगू नका. 'ओटीपी सांगा' म्हणजे परवानगीवर सही करा. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा दिल्याचा हिशेब आपल्या बापजाद्यांनी सावकाराकडं चुकवलेला आहे. कोण मागतोय, कशासाठी, किती दिवसांसाठी, हे विचारा. खाजगी दुकानातला पोरगा मागत असेल तर देऊच नका.

तर येत्या ग्रामसभेत एवढंच मांडायचं. आपल्या आरोग्य केंद्रात नोंद झाली की ती रुग्णाला मराठीत वाचून दाखवावी, चूक असेल तर तिथंच दुरुस्त करावी आणि छापील प्रत द्यावी. ठराव लिहून घ्या, आरोग्य अधिकाऱ्याची पोच घ्या. मायबहिणींनी आशाताईंना सोबत घ्यावं, त्यांचंही काम यानं हलकं होईल.

आणि फवारणीचा हंगाम तोंडावर आहे, म्हणून जाता जाता सांगतो. कुणी शेतात पडला, चक्कर आली, उलट्या झाल्या, तर आधी अंगावरचे कपडे काढा, साबणानं धुऊन काढा, आणि दवाखान्यात नेताना रिकामी बाटली सोबत घ्या, मिसळलेल्या प्रत्येक औषधाची. तिच्या लेबलवर औषधाचं नाव आणि उतारा छापलेला असतो. ती केस पेपर लिहिणाऱ्याच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, 'साहेब, हे नाव लिहा, आणि काय लिहिलं ते वाचून दाखवा.'