गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

अमेरिकेंतील पुष्कळ वृद्ध जोडपीं नोकरींतून मोकळीं झालीं कीं, घर चाकांवर घालून देशाटनास निघतात. स्वयंपाकघर, शेज व स्नानगृह यांनीं युक्त असें तें मोटारघर हमरस्त्यावर सुखानें चालतें. पण डोंगरांतल्या अरुंद वाटेवर त्याचा निभाव लागत नाहीं. म्हणून त्याच्या मागें एखादी जीप जोडलेली असते. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटापासून मॉन्टानाच्या पर्वतांपर्यंत १,००० मैलांहून अधिक वाट ही जीप स्वतःच्या चारी चाकांवर, पण दुसर्‍याच्या बळानें तुडविते. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ती हीच.

परंतु बैलगाडीला टांगलेला तो वंगणाचा नळा नुसता लोंबत असे. त्याला स्वतः फिरावें लागत नसे. जीपची गोष्ट निराळी. तिचें इंजिन बंद असलें तरी चाकें फिरतात, चाकांबरोबर आंस फिरतात, आणि आंसांबरोबर दांडे फिरून ती गति गाडीच्या पोटांत शिरूं पाहते. ओढली जाणारी गाडी निजलेली दिसते, पण ती निजलेली नसते.

स्वयंचलित गिअरबॉक्सांत तेल खेळविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंपहि बंद. अशा वेळीं चाकांनीं गिअरबॉक्स फिरविला तर त्याचे भाग कोरडे घांसून जळतात. हातानें बदलावयाच्या गिअरांत चूक झाल्यास प्रकार याहून भयंकर. २००७ सालच्या जीप रँग्लर रुबिकॉन गाडींत सर्वांत खालचा गिअर पडला असतां चाकाच्या एका फेर्‍यास इंजिनाचे सुमारें ७३ फेरे होतात. ताशीं ५० मैल वेगानें चाक मिनिटास ५०० हून अधिक फेरे घेतें. म्हणजे इंजिनास मिनिटाला ३५,००० च्या वर फेरे घ्यावे लागतील! तत्पूर्वींच क्लच, गिअरबॉक्स किंवा इंजिन यांचा चुराडा झालेला असतो.

यावरील उपाय ट्रान्सफर केसमध्यें आहे. गिअरबॉक्सकडून आलेली शक्ति पुढच्या व मागच्या आंसांस वांटून देणारी ही पेटी. ती न्यूट्रलमध्यें घातली कीं चाकें व गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. गिअरबॉक्सचा न्यूट्रल निराळा आणि हा निराळा. रँग्लरमध्यें ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्यें घालून गिअरबॉक्स मात्र स्वयंचलित असल्यास ‘पार्क’मध्यें व हातचा असल्यास गिअरमध्यें ठेवावयाचा असतो. ज्या गाडीस असा न्यूट्रल नाहीं व जिच्या माहितीपुस्तकानें स्पष्ट परवानगी दिलेली नाहीं, ती ट्रेलरवर चढवूनच न्यावी.

येथेंच जिवावर बेतणारी गोष्ट येते. तो संबंध तुटला कीं ‘पार्क’चा अडसरहि निरुपयोगी होतो. किंचित् उतार असला तरी गाडी घरंगळते आणि दोन मोटारींच्या मध्यें उभा असलेला माणूस चिरडला जाऊं शकतो. म्हणून प्रथम हातब्रेक ओढावा, चाकांखालीं ठोकळे द्यावे, टो-बार व सांखळ्या जोडाव्या, आणि मगच ट्रान्सफर केस न्यूट्रलवर न्यावी. नंतर स्टिअरिंगचें कुलूप उघडें आहे, दिवे मागच्या गाडीवरहि लागतात, हें पाहून ठोकळे काढावे व हातब्रेक सोडावा. मुक्कामीं पोंचल्यावर ट्रान्सफर केस पूर्ववत् केल्यावांचून टो-बारला हात लावूं नये.

रस्त्यावरहि पथ्यें आहेत. टो-बार जमिनीशीं जवळजवळ समांतर असावा. दोन टनांच्या आसपासचें ओझें मागून रेटत असतां पुढच्या मोटारीचे ब्रेक एकटे पुरत नाहींत. मागच्या गाडीचे ब्रेक त्याच वेळीं लावणारी योजना हवी. मागें घेण्याचा प्रयत्न करूं नये. जीपचीं पुढचीं चाकें आडवीं वळतात व टो-बार वांकतो. कांहीं मैल गेल्यावर थांबून टायर व चाकांचे तुंबे तापले आहेत काय, तें पाहावें. कारण मागें टायर बसला तरी पुढें चालविणार्‍यास तें कळेलच असें नाहीं.

सह्याद्रीच्या घाटांत बंद पडलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी शेजारधर्म म्हणून ओढून नेतांनाहि दोर बांधण्यापूर्वीं हाच प्रश्न विचारावा: हिचीं चाकें हिच्या पोटांत काय काय फिरविणार आहेत?