विझेना तो दिवा

गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. विझलाच नाही, तर अपघातात फुगा उघडेल याची खात्री नसते. आमचा विझेना. ‘चिकटपट्टी लावा,’ असा सल्लाही मिळाला! पण शेजारी अम्मी बसते. मेकॅनिकने स्कॅनर लावला. दोष तिच्याच सीटचा. तिथला सेन्सर बसणाऱ्याचे वजन जोखतो. सीट मागेपुढे सरकवून खालच्या पिवळ्या वायरींचा जोड ढिला झाला होता. बॅटरी सोडवून, काही मिनिटे थांबून त्याने तो साफ केला, घट्ट बसवला. एअरबॅगला थेट मीटर लावायचा नाही. तेवढ्या विजेनेही ती उडू शकते. शेवटी स्कॅनरने जुना कोड पुसला. अम्मी बसल्यावरही दिवा विझलेलाच राहिला.