सरकारचा हात कोठवर?

व्यापारधंद्यांत सरकारनें हात घालावा कीं न घालावा, हा वाद जुनाच आहे. आणि तो निघाला म्हणजे दोन्ही पक्ष जॉन स्टुअर्ट मिल्लची साक्ष काढतात. आगरकरांनीं ज्याच्या ग्रंथांचें मनन केलें, तोच हा तत्त्ववेत्ता. त्याचें खरें म्हणणें काय होतें, तें थोडक्यांत पाहूं.

मिल्लनें १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींत नोकरी केली; राज्ययंत्र त्यानें आंतून पाहिलें होतें. १८४८ सालच्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत त्यानें सामान्य नियम घालून दिला तो असा : सरकारनें अलिप्त राहावें, आणि हा नियम मोडावयाचा तर मोडणारानें सबळ कारण दाखवावें. ज्याचें हित त्यालाच अधिक कळतें. शिवाय आपलीं कामें आपण केल्यानेंच माणूस कर्ता होतो.

परंतु या नियमाला अपवाद आहेत. मिल्ल दहा तास राबणाऱ्या मजुरांचा दाखला देतो. समजा, सर्वांनीं नऊच तास काम केलें तर मजुरी तितकीच मिळेल व सर्वांचें कल्याण होईल. तरीही जो कोणी दहावा तास भरील त्याला जादा पैसे मिळतील. त्याचें पाहून दुसरा भरील, आणि अखेर सगळेच पूर्वस्थितीवर येतील. असा कायदा करावाच, असें मिल्ल म्हणत नाहीं. पण अशा ठिकाणीं कायदा मजुरांची इच्छा मोडीत नसून ती तडीस नेतो, हें तो दाखवितो. लहान मुलांच्या मजुरींत तर करारस्वातंत्र्य म्हणजे मोठ्यांना जुलमाची मोकळीकच.

जन्म शाळेंत गेलेल्या माझ्यासारख्यास त्याचें शिक्षणविषयक मत विशेष मोलाचें वाटतें. १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथांत तो सांगतो कीं, मूल शिकलेंच पाहिजे असा आग्रह सरकारनें धरावा, गरिबांच्या फीचा भार उचलावा. पण सगळ्या शाळा आपल्या मुठींत घेऊं नयेत. तसें झाल्यास मनें एका साच्याचीं होतात. एका तपासनिसाच्या हुकुमावरून आम्ही ठराविक उत्तरें घोकून घेत असूं. मुलें पास होत, पण प्रश्न विचारीनाशीं झालीं.

मदत घेतल्यावर माणूस अधिक समर्थ होतो कीं अधिक परावलंबी, ही मिल्लची कसोटी. नव्या कायद्याची बातमी वाचाल तेव्हां आपणही ती लावून पाहावी, एवढीच विनंति.